राख नेमकी किती अंशांना वितळते?

कोळशाच्या राखेच्या चाचण्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि घरच्या पाहुण्यांपासून नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरांपर्यंत सगळे मला हाच प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. शिवाय जो आकडा खरोखर कामाचा असतो, तो वितळण्याचा नसतोच.

राख म्हणजे सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया आणि थोड्या अल्कलींचे मिश्रण. बर्फासारखे ठरल्या अंशाला पाणी होणे तिला जमत नाही. प्रयोगशाळेत आम्ही राखेत डेक्स्ट्रिनचे, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या डिंकाचे, पाणी कालवून सुमारे 19 मिलिमीटर उंचीचा तिकोनी सुळका करतो आणि भट्टी तापत असताना झरोक्यातून त्याच्यावर नजर ठेवतो. आधी टोक गोलसर होते, मग सुळका खचतो, मग त्याचा अर्धगोल होतो आणि शेवटी तो पसरतो. अशी चार तापमाने नोंदवली जातात. त्यातही भट्टीतली हवा बदलली की आकडे बदलतात, कारण कार्बन मोनॉक्साइडच्या सान्निध्यात लोह फेरस रूपात राहते आणि राख लवकर वितळते.

पण सुळका तापताना पाहिलेला असतो, आणि गॅसिफायरमधली, म्हणजे कोळशापासून जळाऊ वायू बनवणाऱ्या भट्टीतली, वितळलेली राख, म्हणजे स्लॅग, भिंतीवरून ओघळताना थंड होत असते. खालच्या भोकातून ती पाण्यात पडली पाहिजे. त्यासाठी तिची विष्यंदिता, म्हणजे वाहताना जाणवणारा दाटपणा, साधारण 25 पास्कल-सेकंदांच्या आत असावी लागते. घट्टसर मध 10च्या आसपास असतो, म्हणजे अंदाज येईल.

स्लॅग काचेसारखा असेपर्यंत तापमान उतरेल तसा सावकाश दाट होत जातो. मात्र एका टप्प्यावर त्यात स्फटिक धरू लागतात आणि तो एकाएकी आवळतो. गुऱ्हाळात वाफ्यात ओतलेला गूळ रवा धरू लागला की घोटणाऱ्याचा हात जसा अचानक जड होतो, तसेच हे आहे. या टप्प्याला क्रांतिक विष्यंदितेचे तापमान म्हणतात, आणि गॅसिफायर चालवणाऱ्याला हवा असतो तो हाच आकडा.

हे मला माझ्या चुकीने समजले. एका नमुन्याला लवकर वितळावा म्हणून मी सढळ हाताने चुनखडी घातली होती. 1,500 अंशांपासून पायरीपायरीने उतरताना विष्यंदितामापीचा दांडा छान फिरत होता, म्हणून मी चहाला गेलो. परत आलो तर दांडा मुशीत रुतून बसला होता. तुकडा फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा काचेत ॲनॉर्थाइट या चुना, ॲल्युमिना आणि सिलिका असलेल्या खनिजाच्या लांबट पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या दिसल्या. हा स्फटिक बाहेर पडताना द्रवातला चुना आणि ॲल्युमिना घेऊन जातो. मागे उरतो तो सिलिकाने भरलेला, आणखी चिकट द्रव. म्हणजे मार दुहेरी. त्याच वितळीतला थोडा भाग मी आधी पाण्यात ओतला होता. तो काळाभोर, चकचकीत काचेचा निघाला, कारण त्याला रवा धरायला सवडच मिळाली नव्हती. मुशीतला तुकडा मात्र राखाडी आणि निस्तेज होता. रासायनिक घटक दोन्हींचे एकच, फरक थंड होण्याच्या वेगाचा. म्हणूनच कुणी आकडा मागितला की मी उलट विचारतो: किती वेगाने उतरवणार?

चुनखडीने काम सोपे होते, हे अर्थात खरे आहे. चुना सिलिकाची जाळी तोडतो आणि स्लॅग पातळ करतो. मात्र मर्यादा ओलांडली की तोच चुना स्फटिकांना कच्चा माल पुरवतो. फार पातळ स्लॅगही बरा नव्हे, तो अस्तराच्या विटा खातो.

आपल्याकडच्या कोळशात राख बहुधा 35 ते 45 टक्के, तीही सिलिका आणि ॲल्युमिनाने जड, पुष्कळदा 1,500 अंशांनाही न वाहणारी. एवढी राख वितळवायची तर उष्णतेचा मोठा वाटा तिच्यावरच जातो आणि चुनखडीचे ढीग लागतात. चंद्रपूर किंवा कोराडीच्या बॉयलरांत उलट राख न वितळता कोरडी खाली यावी अशीच रचना असते. तिथे वितळली तर ती क्लिंकर, म्हणजे कडक ढेकळे, होऊन नळ्यांना चिकटते. न धुतलेला भारतीय कोळसा स्लॅग काढणाऱ्या गॅसिफायरमध्ये घालण्याचा हट्ट मला म्हणूनच महाग वाटतो. द्रवीकृत थराचा, म्हणजे खालून येणाऱ्या झोतावर कोळशाचे कण तरंगते ठेवणारा आणि राख कोरडीच ठेवणारा गॅसिफायर त्याला जास्त मानवतो.