तुम्ही विचारलंत म्हणून: ही बोलेरो आधी कोणाची होती?

जुनी बोलेरो, सुमो किंवा स्कॉर्पिओ घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, "ही पोलिसांची किंवा टुरिस्टची, म्हणजे भाड्याने फिरणारी टॅक्सी, तर नव्हती ना? कसं ओळखायचं?" रंगावर जाऊ नका. पांढरी बोलेरो तहसीलदाराकडे असते तशी बागायतदाराकडेही असते.

आधी टप बघा. दिव्याची पट्टी आणि वायरलेसची एरियल यांसाठी टपाला बहुधा भोकं पाडलेली असतात. विकायच्या आधी ती भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून रंगवतात. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून टपावर फिरवा, लांबीवर ते धरत नाही. मग आतल्या दिव्याचं कव्हर काढून छताचं अस्तर बोटभर खाली ओढा आणि टॉर्च मारा. वरून आरसा केलेला असला तरी आतून पत्र्याला भोकाची कड दिसते, कधी वायर ओवायचा रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकातली रबरी कडी, तसाच अडकलेला असतो. पुढे डॅशबोर्डखाली हात घाला. टेप गुंडाळलेली, कुठेच न जोडलेली जाड वायर सापडली तर तिचा माग काढा. म्युझिक सिस्टिमवाल्याची वायर मागे स्पीकरकडे जाते, वायरलेसची पुढच्या खांबातून टपाकडे. पुढच्या जाळीमागे सायरनच्या भोंग्याची रिकामी पट्टी राहिली असेल तर प्रश्नच मिटला.

टुरिस्ट गाडीच्या खुणा वेगळ्या. बंपरवर आणि मागच्या दारावर रिफ्लेक्टर टेपचा चिकटा, टपाच्या कडेला कॅरियरच्या क्लॅम्पचे घासे, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या आसपास स्पीड गव्हर्नरची, म्हणजे वेग ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राची, वायर किंवा ब्रॅकेट. पोलीस गाड्यांना गव्हर्नरमधून सूट आहे, त्यामुळे तो दिसला तर संशय टॅक्सीवरच घ्या. 1 जानेवारी 2019 नंतर नोंदलेल्या टॅक्सीत पॅनिक बटणांची भोकंही सापडतील. कागदावर मोटर कॅब म्हणजे ड्रायव्हर सोडून 6 प्रवाशांपर्यंत, मॅक्सी कॅब म्हणजे त्याहून जास्त, 12 पर्यंत. पासिंग बदलून खासगी गाडीची पांढरी पाटी लावली असेल तर आरटीओतून आरसीचे पर्टिक्युलर, म्हणजे नोंदींचा उतारा, काढा, जुना वर्ग तिथे कळतो.

आता खरी मेख. टुरिस्ट गाडीचा मीटर मागे फिरवलेला असू शकतो, पोलीस गाडीचा मीटर खरा असूनही फसवतो. बंदोबस्तात गाडी तासन्‌तास चालू ठेवून उभी असते आणि मीटर हलत नाही. अमेरिकेत फोर्ड आपल्या पोलीस गाड्यांसाठी असा एक तास 33 मैलांच्या, म्हणजे साधारण 53 किमीच्या झिजेबरोबर धरते. डिझेल इंजिन बिनलोड फार वेळ चाललं की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल खातं. म्हणून गाडी अर्धा तास पळवून आणा, मग इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल. भकाभका धूर आला तर इंजिनकामाचा खर्च धरूनच भाव करा. उलट चांगल्या देखभालीची टुरिस्ट गाडी मीटरवर दुप्पट किलोमीटर असूनही परवडते, कारण ती गरम इंजिनावर हायवेला धावलेली असते. तिचे पाटे, बुश आणि क्लच मात्र तपासाच.

सरकारी गाडीत एक गोष्ट आधी बघा: आरसीवर मालक आजही सरकारी खातं आहे का? 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर चालत नाही, गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच जाते. "लिलावात घेतली, नावावर तेवढी करायची राहिली" असं म्हणत कोणी 2007 ची बोलेरो स्वस्तात देऊ केली, तर ती तुमच्या नावावर कधीच होणार नाही.