दोन काप म्हणजे दोन पोळ्या

गेल्या वर्षी मार्चमध्ये केलेल्या तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांची मुदत दिली आणि मैदा, साखर व संध्याकाळचे फरसाण कमी करण्यास सांगितले. फरसाण जड मनाने का होईना, सुटले. प्रश्न होता तो सकाळच्या दोन टोस्टांचा. वीस वर्षांची ही न्याहारी सोडण्यापेक्षा ब्रेडच बदलावा, असा सोयीस्कर विचार मी केला आणि दुकानातून ब्राऊन ब्रेड आणला. घरी आल्यावर वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. या यादीत पहिले नाव मैद्याचे होते, कणीक त्याच्यामागे होती आणि रंग कॅरमेलचा होता. २०१६ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातल्या ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट व आयोडेटचे अंश सापडल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ब्रोमेटच्या वापरावर बंदी आली, तेव्हा आमच्या घरी पंधरा दिवस ब्रेड बंद होता. पुढे आम्ही ते सोयीने विसरलो. या वेळी मात्र मी घरीच शंभर टक्के कणकेचा ब्रेड करण्याचे जाहीर केले. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “अहो, पोळीने तुमचं काय घोडं मारलंय?” त्याचे उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हते.

पहिला ब्रेड म्हणजे शब्दशः वीट होती. कृतीत सांगितल्याप्रमाणे ५०० ग्रॅम पिठाला ३०० मिलिलिटर पाणी घातले, घामाघूम होईपर्यंत मळले, दोन तास वाट पाहिली. गोळा जेमतेम बोटभर वर आला आणि भाजल्यावर तेवढाही राहिला नाही. दुसऱ्या खेपेस यीस्ट वाढवले, तर ब्रेडला आंबूस वास तेवढा आला. चूक यीस्टची नसून पाण्याची होती, हे कळायला तिसरा रविवार उजाडावा लागला. ती कृती परदेशी पिठासाठी लिहिलेली होती. आपल्याकडे गहू चक्कीच्या दगडांमध्ये भरडून दळला जातो, त्यात पिष्टाचे (स्टार्चचे) कण बऱ्याच प्रमाणात फुटतात आणि फुटलेले पिष्ट कितीतरी अधिक पाणी पिते. कोंडाही पाणी पितो, पण सावकाश. म्हणजे मळताना ठीक वाटलेला गोळा अर्ध्या तासाने घट्ट झालेला असतो, आणि घट्ट गोळ्याला फुगायला वाव नसतो. शिवाय कोंड्याचे धारदार कण ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, तंतू कापतात, ते वेगळेच.

पाणी ३९० मिलिलिटरवर नेले, तेव्हा कणीक परातीला, हातांना आणि मनगटावरच्या घड्याळालाही चिकटली. मी वरून कोरडे पीठ भुरभुरणार, एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सूचना आली की पुरणपोळीची कणीक कशी करतात ते आठवा: सैल भिजवायची, झाकून ठेवायची आणि मग तेलाच्या हाताने तिंबायची. बेकरीच्या पुस्तकांत ज्याला ऑटोलीज म्हणतात, म्हणजे पीठ आणि पाणी नुसते एकत्र करून अर्धा तास मुरू देणे, ते हेच होते. मुरताना कोंडा मऊ पडतो आणि ग्लुटेन आपोआप जुळू लागते. त्या दिवसापासून माझी रीत ठरली: ५०० ग्रॅम कणीक व ३९० मिलिलिटर पाणी चाळीस मिनिटे झाकून ठेवायचे, मग ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ आणि दोन चमचे तेल घालून दहा-बारा मिनिटे तिंबायचे. कणकेचा तुकडा ताणला असता न फाटता पातळ पडदा झाला, की थांबायचे. चौथा ब्रेड साच्याच्या काठापर्यंत आला. त्याचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, याची आता थोडी लाज वाटते.

पिठाचेही प्रयोग झाले. गिरणीत लोकवन बारीक दळून आणला तर ब्रेड हलका होतो. मात्र आपल्याआधी कोणाचे बाजरीचे दळण झाले असेल तर पहिले किलोभर पीठ पोळ्यांना ठेवावे, हा अनुभवाचा सल्ला आहे. खपली गव्हाचा फार बोलबाला ऐकून एक ब्रेड निव्वळ खपलीचा केला. चव सुरेख होती, पण खपलीचे ग्लुटेन दुबळे असल्याने ब्रेड मधोमध खचला. आता चौथा हिस्साच खपली घेतो. ऋतूंनीही बराच धडा शिकवला. पुण्याच्या मे महिन्यात गोळा पाऊण तासात साच्याबाहेर सांडला, म्हणून माठातले पाणी वापरू लागलो. डिसेंबरात मात्र इडलीच्या पिठासारखेच त्याला बंद ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या भट्टीत) गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी बसवावे लागले. भाजायला १९० अंशांवर चाळीस मिनिटे लागतात. गरम ब्रेड कापण्याचा मोह टाळावा, कारण आतली वाफ निवेपर्यंत तो गिच्च लागतो.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या साखरेविषयी. मे महिन्यात चार सकाळी मी ग्लुकोमीटर घेऊन बसलो: दोन दिवस माझा ब्रेड, दोन दिवस पोळी, आणि दोन तासांनी नोंद. ब्रेडचे आकडे पोळीपेक्षा दोन्ही वेळा जास्त निघाले. चार नोंदींवरून सिद्ध काहीच होत नाही, हे मान्य आहे; पण ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचे, तक्ते पाहिले तेव्हा पांढरा ब्रेड आणि कणकेचा ब्रेड दोन्ही पंचाहत्तरच्या आसपासच होते. बारीक दळलेले पीठ आणि त्यात भरलेली हवा यामुळे तो पोटात लवकर पचतो, मग कोंडा असला तरी. हिशेबही मांडला. माझ्या ब्रेडचे सोळा काप होतात, म्हणजे एका कापात सुमारे ३१ ग्रॅम कणीक आणि अर्धा ग्रॅम मीठ. आमच्याकडच्या एका पोळीलाही साधारण तेवढीच कणीक लागते. म्हणजे दोन काप खाणे हे दोन पोळ्या खाण्यासारखेच होते, वर एक ग्रॅम मीठ जास्त. आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. घोड्याचा प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही, पण मी ही नोंदींची वही स्वयंपाकघरात उघडी ठेवण्याची चूक केली होती.

तरीही ब्रेड सोडला नाही, बदलला. पिठातली ऐंशी ग्रॅम कणीक कमी करून तेवढाच गव्हाचा दलिया रात्रभर भिजवून, निथळून घालू लागलो, कारण अख्खे आणि जाडसर दाणे सावकाश पचतात. जोडीला दोन चमचे जवस. मीठ ८ वरून ६ ग्रॅमवर आणले, आणि तिसऱ्या ब्रेडनंतर त्याची उणीव जाणवेनाशी झाली. जॅमच्या जागी मटकीची उसळ किंवा अंडे आले. जूनमध्ये एचबीए१सी ५.८ झाले होते, पण त्याचे श्रेय मी फरसाण सुटण्याला आणि रोजच्या पाऊण तास चालण्याला देतो. ब्रेड आता फक्त रविवारी होतो. निवला की त्याचे काप करून, मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवतो, म्हणजे एका वेळी दोनच बाहेर निघतात. बाकीच्या दिवशी सकाळी पोळी असते, आणि ती लाटायचे काम माझ्याकडे आले आहे.