टिनाच्या घरात हिवाळा काढताना

विदर्भ म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि उघड्या शिवारातल्या खेड्यात गारठा शहरापेक्षा जास्तच असतो. आमची घरं मात्र सगळी उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली. वारा खेळावा म्हणून भिंत आणि छपराच्या मधे फट, समोरासमोर दारं, उत्तरेला खिडकी. मे महिन्यात जी सोय वाटते, तीच पौषात अंगावर येते.

इथली थंडी रात्रीची आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की अर्धं काम सोपं होतं. जानेवारीत दुपारी २८ अंश आणि पहाटे १०-१२, एवढा फरक सहज पडतो. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की अंगण, छप्पर, जमीन दिवसभराची ऊब आभाळाला देऊन मोकळे होतात. म्हणून ढगाळ रात्र उबदार जाते आणि ढग सरले की पुढच्या पहाटे दात वाजतात. त्यामुळे दुपारचं ऊन घरात घ्यायचं आणि पहाटेपर्यंत त्याला बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठीच माझा सगळा खटाटोप असतो. जळणाचा नंबर त्यानंतर.

कामाला दिवाळी झाली की लागतो, आणि सुरुवात छपरापासून. जुन्या मातीच्या, कवेलूच्या म्हणजे कौलाच्या घराला फार काही करावं लागत नाही. दीड-दोन फुटांची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत हळूहळू ऊब सोडत राहते. फुटके कवेलू बदलले, उत्तरेच्या भिंतीतल्या भेगा शेणमातीनं लिंपल्या की झालं. खरी परीक्षा टिनाची, म्हणजे पत्र्याच्या छपराची. टिन जितक्या लवकर तापतं तितक्याच लवकर गार पडतं आणि मध्यरात्रीनंतर बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं. माणसांच्या श्वासाची, चुलीवरच्या पातेल्याची वाफ त्याला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. लोकांना वाटतं टिनाला भोक पडलं, मग डांबर आणून लावत बसतात. पाऊस नसताना, पहाटेच, जागा बदलून थेंब पडत असतील तर तो टिनाचा घाम आहे. डांबरानं तो थांबत नाही.

त्यावर उपाय म्हणजे टिनाखाली वीतभर अंतर सोडून दुसरं छत. बांबूचे तट्टे सगळ्यात चांगले. बुरडाकडून खोलीच्या मापाचे विणून घ्यायचे आणि आडव्या बल्ल्यांना तारेनं बांधायचे. तट्टे परवडत नसतील तर तागाची पोती उसवून, एकमेकांना शिवून केलेली फारी ताणून बांधली तरी फरक कळतो. मात्र फारी टिनाला चिकटली की टिनाची ओल थेट तिच्यात उतरते. काम करते ती मधली हवा, म्हणून अंतर सोडायचंच. प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, पण तिच्यावर पाणी साचून फुगा होतो आणि ठिणगी पडली तर ती वितळून अंगावर गळते. चुलीच्या वर तर कोणतंच खालचं छत नको. धूर जायला तिथे मोकळीच जागा हवी. छतावर कुटार, म्हणजे भुसा, भरून टाका, असंही कोणी सांगतं. ऊब राहते, खोटं नाही, पण आगीचा धोका आहेच. शिवाय कुटारात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

मग फटी. वारा उत्तरेकडून येतो, तेव्हा सगळ्या फटी बुजवायचा उत्साह नको. उत्तर आणि वायव्येची बाजू बंद, दक्षिणेची वरची फट उघडी. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची रेती भरलेली गुंडाळी रात्री लावून ठेवली की पायाला लागणारा वारा थांबतो.

ऊन घरात कुठपर्यंत येतं याचाही हिशेब आहे. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य दुपारीही साधारण ४५ अंशांवरच असतो, दक्षिणेकडे कललेला. म्हणजे दक्षिणेचं दार सहा फूट उंच असेल तर ऊन सहा फूट आत येतं. समोर छज्जा किंवा सपरीचं, म्हणजे ओसरीचं, टिन असेल तर तेवढं कमी. दक्षिणेची दारं-खिडक्या सकाळी नऊला उघडायच्या आणि साडेचारला लावायच्या, सूर्य मावळायची वाट पाहायची नाही. बहुतेक घरांत दार दिवेलागणीपर्यंत सताड उघडं असतं आणि मग रात्रभर शेकोटीची आठवण येते.

पाण्याचं गणित यापेक्षा मोठं. छतावरच्या टाकीतलं पाणी पहाटे बर्फासारखं लागतं, तर बोअर किंवा हापशीचं पाणी पंचविशीच्या आसपास, जवळजवळ कोमट. हापशीच्या पाइपातलं सुरुवातीचं गार पाणी सोडून दिलं की खालचं येतं. टाकीऐवजी ते वापरलं तर तापवायचं जळण चाळीसेक टक्के वाचतं. म्हाताऱ्यांसाठी आणखी सोपं: काळ्या रंगाचा ड्रम अकरा वाजता उन्हात ठेवायचा आणि आंघोळ तीन-साडेतीनला. पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करायचा हट्ट रक्तदाब असलेल्या माणसानं तरी सोडावा. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो.

चुलीवर पाणी तापवायला पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं, उत्तम. भडकन पेटतात, आच मोठी, निखारा मात्र राहत नाही. रात्री शेकायला बाभळीचं लाकूड हवं. पऱ्हाट्यांची गंजी फार दिवस ठेवू नये. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. गंजीतून जळण काढताना आधी काठीनं ठोकून घ्यायचं. घोणस, म्हणजे परड, हिवाळ्यातही फिरते आणि अशा ढिगांत बसते.

विजेचा रॉड असेल तर तो १५०० वॅटचा धरू. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं, तेवीसेक मिनिटं. पण गावात व्होल्टेज १८० वर आलं की हाच रॉड साडेनऊशे वॅटच्या आतच काम देतो आणि त्याच बादलीला अडतीस मिनिटं लागतात. रॉड बिघडला म्हणून दुकानात नेण्याआधी व्होल्टेज पाहावं. रॉड साध्या पाच अँपिअरच्या बोर्डावर लावायचा नाही, अर्थिंग असलेला मोठा प्लगच हवा. लोखंडी बादली नको. प्लास्टिकच्या बादलीत आडवी काडी टाकून रॉड मधोमध टांगायचा. बटन बंद करून, प्लग काढूनच पाण्यात हात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी तापलं का ते बोटानं पाहणारे दर गावात दोन-चार असतात.

शेगडीबद्दल मी कडक आहे. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असं वाटतं. पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी अशी लक्षणं एकाच वेळी घरात दोघा-तिघांना दिसली तर दार उघडून सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. शेकायचं असेल तर सपरीत किंवा अंगणात, आणि झोपण्याआधी निखारे राखेखाली दाबून बाहेरच ठेवायचे. मी शेगडीऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या वापरतो. स्टीलच्या तांब्याला घट्ट झाकण असेल तर तोही चालतो. फडक्यात गुंडाळून अंथरुणात पायाशी ठेवला की दोन तास पुरतो, तोवर झोप लागलेली असते.

अंथरुणात खालची बाजू महत्त्वाची, लोक वर दुलयांचे थर लावतात आणि खाली एक सतरंजी. अंगाखाली दबलेला कापूस ऊब कमी धरतो, आणि शेणानं सारवलेली जमीनही पहाटे गारच असते. खाली कोरडं कुटार किंवा तणस भरलेलं पोतं, त्यावर गादी. एकट्याच्या दुलईला दोन-अडीच किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, लागते. घरचाच कापूस असेल तर त्यासाठी सहा-सात किलो बाजूला काढावा, कारण कापसात रुईचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच असतो. पिंजून भरलेली दुलई रोज दोन तास उन्हात टाकली नाही तर घामाच्या ओलीनं रुईच्या गुठळ्या होतात आणि महिन्याभरात ती पातळ लागू लागते.

गोठ्यात उत्तरेच्या बाजूला फारी, खाली कोरडं कुटार, आणि रोजच्या वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी. जनावराच्या पोटात चारा कुजताना ऊब तयार होते, म्हणून रात्री पोट भरलेलं हवं. पाणी ताजं, हापशीचं, सकाळी ऊन पडल्यावर. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा बाटली दुपारी उन्हात ठेवली की मालिश करायला मिळते. दह्याला विरजण नेहमीच्या दुप्पट लावायचं आणि भांडं गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवायचं.

संक्रांतीनंतर ऊन चढू लागतं, तरी फारी उतरवायची घाई करू नये. माघातही थंडीचे दोन झटके येतात. तट्ट्यांचं छत तर उतरवायचंच नाही, तेच मे महिन्यात टिनाची आग अडवतं. शिमग्याच्या सुमारास फक्त उत्तरेच्या फटी पुन्हा उघडायच्या, दुलया कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या सुकल्या पाल्यासह संदुकीत भरायच्या आणि तट्ट्यांवर उंदरांनी घर केलं का ते पाहून घ्यायचं.