मळ्यातल्या घराला इन्व्हर्टर बसवताना

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बॅटरी किती एएचची देऊ?" एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. ते ठरवण्याआधी आपली लाईट कुठल्या फीडरवरून, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या कुठल्या लाईनवरून येते ते माहीत पाहिजे. गावठाण फीडरवर मुख्यतः देखभालीसाठी लाईट घालवतात. 12 अंकी ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर जोडलेला असला की महावितरणचा मेसेज बहुतेक वेळा आधी येतो. आमच्या मिरज-तासगाव पट्ट्यातल्या वस्त्या मात्र बऱ्याचदा शेती फीडरवर असतात. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आठ तासांच्या आसपास. उरलेल्या वेळात सिंगल फेज मिळाली तरी कुणीतरी कपॅसिटर लावून मोटार ओढतच असतो, त्यामुळे व्होल्टेज पडतं. शेजारच्या साताऱ्यात कोयनेचा 1960 मेगावॉटचा प्रकल्प आहे, पण मळ्यात हिशोब चालतो तो डीपीवरच्या, म्हणजे जवळच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या लोडचा.

म्हणून मी आधी वहीत लाईट गेल्या-आल्याच्या वेळा लिहिल्या आणि संध्याकाळी मल्टिमीटरनं सॉकेटवर व्होल्टेज मोजलं. बॅटरी भरायला सलग किती तास मिळतात, ते त्यातून कळतं.

मग लोड. दोन साधे पंखे 150 वॉट, 9 वॉटचे चार बल्ब 36, टीव्ही 70, राउटर 10. एकूण 266. 12 व्होल्ट 150 एएच म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. इन्व्हर्टरमधला तोटा आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवणं धरून हातात 1080 येतात, म्हणजे चार तास. तेच पंखे 28 वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) केले की लोड 172 वर येतो आणि सहा तास निघतात. मिक्सर, इस्त्री, गीझर, पाण्याची मोटार या लाईनवर घ्यायचीच नाही. फ्रिजही नको. चालू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो.

दुकानदार 220 एएचची बॅटरी सुचवतो. पण चार्जर देतो 12-15 अँपिअर, तोही शेवटी कमी होत जातो. अर्धी उतरलेली 150 ची भरायलाच आठेक तास लागतात. तेवढी लाईटच मिळत नसेल तर मोठी बॅटरी कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट जमतं आणि ती लवकर बसते. जास्तीचे पैसे पंख्यांवर घातलेले बरे. 150 एएचची उंच ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांची) बॅटरी आणि घरच्या लाईटसारखाच करंट देणारा साईनवेव्ह इन्व्हर्टर घ्या. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो.

लाईट असूनही बॅटरी उतरते, ही मळ्यातली नेहमीची तक्रार. इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. यूपीएस मोडवर असेल तर साधारण 180 व्होल्टच्या खाली तो लाईट गेली असंच धरतो आणि बॅटरीवर जातो. नॉर्मल मोडवर जवळपास 100 पर्यंत चालवून घेतो. कॉम्प्युटर नसेल तर नॉर्मलच ठेवा.

वायरिंगमध्ये वायरमनला दोन गोष्टी बजावा. इन्व्हर्टरवर चालवायच्या पॉइंटना त्याचा फेज वेगळा ओढायचा आणि त्या पॉइंटचा मेन फेज बोर्डातून काढायचा. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर इन्व्हर्टरचं इनपुट आणि त्या पॉइंटचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीमधून बाहेर पडणाऱ्या बाजूनं घ्यायचा, नाहीतर तो सारखा पडतो. दोन्ही टोकांना टू-पिन लावलेल्या वायरीनं जनरेटर किंवा इन्व्हर्टर सॉकेटमध्ये कधीच घालू नका. तो करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर चढलेला माणूस मरतो. जनरेटरला चेंजओव्हर स्विच हवाच.

पाणी दोन-तीन महिन्यांनी, फक्त डिस्टिल्ड, तेही फ्लोटच्या खुणेपर्यंत. ॲसिड वरून कधी घालायचं नाही. टर्मिनलला व्हॅसलीन लावा आणि खोली हवेशीर ठेवा, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. कृष्णाकाठी घर असेल तर जागा निवडताना 2019 चा पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या वर. तळमजल्यावरची बॅटरी तेव्हा कामाची नाही, वरच्या मजल्यावर ठेवा. भरलेली ट्युब्युलर पन्नास किलोच्या वर जाते, ऐनवेळी एकट्याला उचलत नाही.

छतावर नेट मीटरचं (जादा वीज महावितरणच्या लाईनला देणारं) सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधं ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की स्वतःच बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. वायरमनच्या सुरक्षेसाठी ते तसंच बनवलेलं असतं. लाईट नसताना त्यावर घर चालवायचं तर बॅटरीसह हायब्रीड (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर लागतो, आणि तो सोलर बसवण्याआधीच ठरवलेला बरा.