पुण्याची आहे, हे इथे हळू आवाजात सांगायचं

इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ही चूक केली. ईवुड पार्कच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल मैदानाच्या, रिव्हरसाइड स्टँडमध्ये बसलो होतो, मी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा. शेजारच्या खुर्चीवर सत्तरीचे एक आजोबा, गळ्यात निळा-पांढरा मफलर. मुलाच्या हातमोज्यांचं कौतुक करून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठली गं तू, लव्ह?" (इथे बसवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, त्यात काही नसतं.) मी सवयीने सुरू केलं, "इंडिया, पुणे, मुंबईजवळ..." आणि 'मुंबईजवळ'पर्यंत पोचलेच नाही. 'पुणे' ऐकून पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली होती.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "असू दे. त्याची काय चूक?"

इंग्लंडात बाकी कुठेही पुणे म्हटलं की नकाशा काढावा लागतो. या एका गावात नाही. जन्मात भारत न पाहिलेल्या माणसालाही इथे पुणे माहीत असतं, आणि प्रेमाने माहीत नसतं. उलट पुण्यात मी माझ्या दादाला सांगितलं की आम्ही ब्लॅकबर्नला चाललोय, तेव्हा तो म्हणाला, "ते कुठे आलं?" सासूबाईंना मात्र क्षणात उलगडा झाला. "म्हणजे आपल्या कोंबडीवाल्यांची टीम आहे ते का गं?"

तेच ते. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने, म्हणजे पुण्याच्या व्ही. एच. ग्रुपने, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २.३ कोटी पौंडांना घेतला, डोक्यावरचं कर्ज वेगळं. लहानपणी टीव्हीवर रोज अंडी खा म्हणून सांगणारी जाहिरात आठवते ना? ती ज्या संस्थेची, तीही याच घराण्यातल्या बी. व्ही. रावांनी उभी केलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ बालेवाडीला येऊन पुणे एफसीशी मैत्रीचा सामनाही खेळून गेला. मी तेव्हा पुण्यातच होते. बाणेर रस्त्याला आज एवढी गर्दी का, म्हणून वैतागले असेन तर असेन, तेवढाच माझा संबंध. पुढे हाच संघ माझे शनिवार खाणार आहे, हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

गावाचा आणि आपला हिशेब तसा जुना आहे. हा सगळा लँकेशरच्या कापडगिरण्यांचा पट्टा. १९३१ साली गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला आले ते शेजारच्या डार्वेनला. ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला त्यांच्याच घरी जाऊन बसले, आणि लोकांनी त्यांचं स्वागत केलं. आज गिरण्या नाहीत, आणि गावात भरूच-सुरतकडची इतकी कुटुंबं आहेत की मला बाजारात इंग्रजीपेक्षा गुजराती जास्त ऐकू येतं. गिरण्या गेल्या, उरला तो क्लब. १८७५ सालचा. १८८८ साली इंग्लंडात लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांपैकी एक. एफए कप, म्हणजे इथली बाद फेरीची स्पर्धा, सहा वेळा जिंकलेला, पण शेवटचा १९२८ चा.

आणि १९९५. प्रीमियर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरच्या स्तराची लीग, जिंकलेले क्लब आजवर सातच आहेत. मँचेस्टरचे दोन, आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, लेस्टर, आणि हे आमचं गिरणगाव. जॅक वॉकर नावाचा गावातलाच पोलादाचा व्यापारी, त्याने १९९१ मध्ये क्लब हाती घेतला, केनी डाल्ग्लिशला मॅनेजर आणलं, ॲलन शिअररला आणलं. शिअररने त्या मोसमात ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर २-१ ने हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीच करता आली, आणि एका गुणाने विजेतेपद आलं. हरून चॅम्पियन! आजोबा म्हणतात, ते त्या दिवशी तिथे होते. मुलगा म्हणतो, "आई, या गावात प्रत्येक जण तिथे होता."

वॉकरचंही काम पैशाचंच होतं, हे मी आजोबांना एकदा ऐकवलं. पुणेकर आहे, वाद घालणारच. म्हटलं, "श्रीमंत माणसाने विकत घेतलेलंच ते विजेतेपद." ते रागावले नाहीत. समोरच्या स्टँडकडे बोट दाखवून म्हणाले, "हो, पण तो तिथे बसायचा. आपण हरलो की त्याचंही तोंड उतरायचं." त्या स्टँडला आता वॉकरचंच नाव आहे. आठ-नऊ वर्षांत या क्लबबद्दल मी जे काही ऐकलं, त्याचं सार मला त्या एका वाक्यात सापडतं.

मी मुळात क्रिकेटच्या घरातली. फुटबॉलला आले ती मुलामुळे, आणि टिकले ती, खरं सांगायचं तर, पायमुळे. मध्यंतराला इथे सगळे गरम पाय घेतात, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली खुसखुशीत वाटी. पहिल्यांदा फोनवर सासूबाईंना सांगितलं की मैदानावर सगळे पाय खातात, तेव्हा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कोंबडीचेच असतील. मालकांचेच." मी हे स्टँडमध्ये भाषांतर करून सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या रांगेत मला माफी आहे.

आम्ही आलो त्याच मोसमात, ७ मे २०१७ ला, संघ तिसऱ्या स्तरावर घसरला. शेवटचा सामना ३-१ ने जिंकून. गुण नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच, ५१, गोलफरकाने मेले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या स्तरावर जाण्याची ती पहिलीच वेळ. बरोबर पाच वर्षांपूर्वी, ७ मे २०१२ ला, प्रीमियर लीगमधून घसरले तेव्हा तर विगनशी चाललेल्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. ते छायाचित्र जगभर गेलं. आजोबांना तो प्रकार आवडलेला नाही. "कोंबडीने काय केलं होतं?" म्हणतात.

गंमत म्हणजे तिसऱ्या स्तरावरचं ते वर्ष आमचं सगळ्यात सुखाचं. जवळपास दर आठवड्याला जिंकायचो. टोनी मोब्रेच्या हाताखाली २०१८ मध्ये दुसरे येऊन परत वर आलो, आणि मुलाला वाटलं, फुटबॉल असंच असतं.

नसतं. त्यानंतरचा त्रास समजायला चॅम्पियनशिपचं, म्हणजे दुसऱ्या स्तराचं, त्या वर्षांतलं गणित ऐका: पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये, तिसरा ते सहावा यांचा प्लेऑफ, सातव्याला काही नाही. आम्ही सातवे येतो. २०२३ मध्ये सहाव्या संडरलंडचे ६९ गुण, आमचेही ६९. शेवटच्या दिवशी मिलवॉलला ३-१ ने मागे असताना ४-३ ने जिंकलो, नाचलो, आणि मग तिकडचा निकाल कळला. २०२५ मध्ये पुन्हा सातवे, या वेळी दोन गुण कमी. त्याच मोसमात फेब्रुवारीत, संघ चांगला वर असताना, मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बीला निघून गेला. वरच्या संघाचा माणूस खालच्या संघाकडे का जातो, हे मुलाने मला विचारलं. मी त्याला गृहपाठ झाला का विचारलं.

हरणं चालतं हो. भारतीय क्रिकेटवर नव्वदच्या दशकात वाढलेल्या माणसाला हरण्याचं काय भय? पण फॉर्म भरण्यात हरायचं? जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन येणार होता. ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची ठरलेली मुदत) बंद होण्याआधी कागद पोचले नाहीत, व्यवहार बारगळला. माणूस म्हणेल, होतं एखाद्या वेळी. पुढच्या हिवाळ्यात अमेरिकेहून डंकन मग्वायर हा स्ट्रायकर आला, तपासण्या झाल्या, आणि पुन्हा कागदपत्रांत घोळ. बिचारा परत गेला. ज्या देशात तहसील कचेरीत तीन फोटो, दोन झेरॉक्स आणि एक साक्षीदार घेऊन जाण्याचं शिक्षण आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतं, त्या देशातले मालक असताना हे व्हावं! मी रांगेत जाहीर केलं की पुढच्या वेळी मला बोलवा, मी दोन दिवस आधी जाऊन नंबर लावते. कुणी हसलं नाही. दुखतंच तसं. कारण त्याच विंडोमध्ये ॲडम व्हार्टन विकला गेला होता. गावातलाच मुलगा, क्लबच्याच अकादमीत वाढलेला. क्रिस्टल पॅलेसला गेला आणि त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. माझ्या मुलाच्या टी-शर्टवर त्याचं नाव आहे. आता शर्ट लहान झालाय, तरी टाकू देत नाही.

बर्नलीबद्दल मी लिहिणार नव्हते. एवढंच सांगते की शेजारचं गाव, हाडवैर, आणि २५ एप्रिल २०२३ ला त्यांनी चॅम्पियनशिपचं विजेतेपद पक्कं केलं ते आमच्या मैदानावर, आम्हाला १-० ने हरवून. साखरपुडा मोडलेल्या मुलीच्या दारातून वरात न्यावी तसं. पुढे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र पावसाने कहर केला. इप्सविचविरुद्ध आम्ही १-० ने पुढे, त्यांचा एक माणूस लाल कार्ड मिळून बाहेर, दहा-अकरा मिनिटं उरलेली, आणि मैदानावर असं पाणी साठलं की चेंडू जागेवरून हलेना. सामना थांबवला. माझ्या डोक्यात आपलं डकवर्थ-लुईस. म्हटलं, जिंकलो की! लीगने निर्णय दिला, सामना पहिल्यापासून पुन्हा. शून्य-शून्य, अकरा विरुद्ध अकरा. आजोबांनी निकाल वाचून मला विचारलं, "तुमच्याकडे पावसाळ्यात कसं करता?" मी म्हटलं, "आमच्याकडे पावसाळ्यात खेळत नाही, भजी खातो."

आता मालकांच्या बाजूचंही लिहायला हवं, नाहीतर पुण्यातले वाचक म्हणतील, ही तिकडचीच झाली. पैसा त्यांनी ओतलाय. इतक्या वर्षांत वीस कोटी पौंडांच्या वर, आणि त्यातला मोठा भाग परत येण्यासारखा नाही. या इलाख्यातलाच बरी नावाचा क्लब २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. तसं इथे झालं नाही, ते त्या पैशामुळे. अलीकडे भारतातून रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागायला लागली आणि सगळंच आखडलं. २०२५ मध्ये महिलांचा संघ दुसऱ्या स्तरावरून मागे घेतला गेला, ते मला सगळ्यात जास्त लागलं, पण तो वेगळा लेख होईल.

स्टँडमध्ये पैशाबद्दल लोक बोलतात, ओरडतात, फलक धरतात. पण मध्यंतराला, पाय खाताना, खऱ्या गप्पा निघतात त्या पैशाच्या नसतात. ते कुठे आहेत, हे विचारतात. सामना बघायला का येत नाहीत? एखादं जाहीर पत्र, चार ओळी? पाच हजार मैलांवरून कुणीतरी आपलं घर चालवतंय आणि त्याला आपल्या घराचा वास माहीत नाही, ही ती बोच. मला ती फार ओळखीची वाटते. कर्वेनगरचा आमचा बंद फ्लॅट मीही इथूनच चालवते, आणि सोसायटीतले शेजारी माझ्याबद्दल काय बोलत असतील ते मी जाणून आहे.

दिवाळीला पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा आजोबांनी मला एक पाकीट दिलं. बंद न केलेलं. "तुझ्या गावात आहेत ना ते, देशील?" मी समजावलं की पुण्यात पन्नास लाखांच्या वर माणसं आहेत, मी त्यांना ओळखत नाही. ते म्हणाले, "आधी वाच. इंग्रजी ठीक आहे का बघ. मी शाळा लवकर सोडली."

मला वाटलं, चार पानं असतील. युस्टेस, व्हार्टन, फॉर्म, कोंबडी, सगळं. आत पोस्टकार्डाएवढा कागद होता. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: एखाद्या शनिवारी सामना बघायला या. माझ्या शेजारी जागा करून देईन. पाय माझ्याकडून.

पुण्यात दोन आठवडे होते. दादा म्हणाला, "दे इकडे, मी टाकतो पोस्टात, नाहीतर जाऊन देऊन येतो." मी उद्या देते म्हटलं. मग लक्ष्मीपूजन आलं, भाऊबीज आली, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी आली. रोज पर्स उघडली की पाकीट दिसायचं आणि मी किल्ल्या काढून पर्स बंद करायचे. विमानतळावर दादाने पुन्हा हात पुढे केला, तेव्हाही नाही दिलं. का, ते मला धड सांगता येत नाही. त्या कागदावर 'माझ्या शेजारी' असं लिहिलेली जागा म्हणजे माझ्या मुलाची खुर्ची, हेही एक असेल.

शनिवारी घरचा सामना आहे. तीनला सुरू होतो, पण आजोबा दोनलाच येऊन बसतात.