बॅनरवर बुवा, मागे आम्ही

सिंधुदुर्गात कुठल्याही नाक्यावर जा, एक तरी बॅनर लागलेला असतोच. 'डबलबारी भजनाचा जंगी सामना', दोन बाजूला दोन बुवांचे, म्हणजे मुख्य गायकांचे, फोटो, मधे ग्रामदेवता आणि खाली शुभेच्छुक म्हणून अर्ध्या गावाची नावं. पखवाजवाल्याचं नाव असतं, हल्ली तबलावाल्याचंही असतं. कोरसचं नसतं. मी आमच्या वाडीच्या मंडळात मागे झांज घेऊन बसणारा माणूस, त्यामुळे हे मनाला लागतं, खोटं कशाला बोलू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रत्नागिरीकडे जसा शक्ती-तुरा तशी आमच्याकडे डबलबारी. दोन मंडळं समोरासमोर, आळीपाळीने बारी, अभंग, गजर, गौळण असं चढत जातं आणि मधेमधे पुराणातले प्रश्न नि समोरच्या बुवाला कोपरखळ्या. लोक कोपरखळ्यांना हसतात, पण उठून उभे राहतात ते गजराला.

हे एवढं वाढलं त्यात मुंबईचा वाटा मोठा. गिरणीत पाळी करणारे चाकरमानी लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे आणि सुट्टी झाली की पेटी बाहेर निघायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत आणि माणसं गावाला परतली. आमच्या मंडळातले जुने जाणते त्यातलेच, आंबा-काजू सांभाळत त्यांनीच वाडीतल्या पोरांना तयार केलं. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि एसटीत अंग मोडून घेत मुंबई गाठायची ती एका रात्रीत व्हायला लागली. परळच्या दामोदर नाट्यगृहात डबलबारी करून बुवा परत गावच्या जत्रेला हजर व्हायचे. सुपाऱ्या वाढल्या, स्वतःचा साउंड आला, गाडी आली, आता तर यूट्यूबवर लाइव्ह, दुबईतला भाचा तिकडून कमेंट टाकतो, 'बुवांनू, नादच खुळा'. महिला मंडळंही डबलबारीला उतरतात, आणि काही ठिकाणी पुरुषांपेक्षा भारी गातात.

म्हणजे चतुर्थीला घरोघर भजन करून उसळपाव खाऊन येणारं मंडळ बघता बघता धंदेवाईक झालं. मला त्यात काही वाईट वाटत नाही, कलेला पैसे मिळायलाच हवेत. फक्त ते पैसे पुढच्या रांगेत संपतात. मागे पेट्रोल आणि चहा.

आणि कोरस म्हणजे नुसतं मागून ओरडणं असं ज्याला वाटतं त्याने एकदा मागे येऊन बसावं. बुवा ओळ सोडतो तिच्या शेवटच्या अक्षरावर आम्ही ती उचलायची, मधे फट पडली की मजा गेली. बुवा चढी पट्टी लावतो, त्याला मधे बोलायला मिळतं, विसावा मिळतो, आम्हाला नाही. म्हणून लांब सूर आला की निम्म्यांनी धरायचा, तोवर बाकीच्यांनी श्वास घ्यायचा, मग अदलाबदल, ऐकणाऱ्याला सूर तुटलेला कळता कामा नये. हे कोणी शिकवत नाही, बाजूच्याचे खांदे बघून कळतं. गजराची लय वाढते तेव्हा झांज जरा जरी पुढे पळाली तर अख्खं मंडळ फरफटत जातं. आमचा पखवाजवाला बारीआधी कोपऱ्यात बसून कणीक मळतो, डाव्या तोंडाला लावतो, थाप मारतो, चिमूटभर काढतो, परत थाप. हॅलोजनच्या उष्णतेने ती कणीक सुकली की धूम, म्हणजे डाव्या तोंडाचा घुमणारा आवाज, बिघडतो, मग गजराच्या मधेच तो आमच्याकडे बघतो आणि आम्ही आवाज वाढवून ते झाकतो. बॅनरवर त्याचं नाव असतं म्हटलं ना, ते बरोबरच आहे.

तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलं की चर्चमधे क्वायर असतो, चार वेगवेगळ्या आवाजात, कागद समोर ठेवून गातात. आमचं एकाच सुरात नि सगळं तोंडपाठ. पण तिकडे तो समूहच मुख्य, त्याचा मला हेवा वाटतो.

आता अडचण अशी की पोरं राहिलीत कुठे? कोण पुण्याला, कोण गोव्यात कंपनीत, शनिवारी रात्रपाळी. मग तीन वाड्यांतून माणसं गोळा करून कोरस उभा करतात, आज या बुवाकडे, उद्या समोरच्याकडे, सराव गाडीतच. मागच्या सीझनला एका सामन्यात समोरच्या मंडळाचे आवाज एकेकटे चांगले होते, पण गजर काही जुळेना, अर्धे झील, म्हणजे मागून धरायची ओळ, आधी सोडत होते. समोर बसलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बुवा बरो आसा रे, पाठसून कोण नाय तेका."

तेच मी आमच्या मीटिंगमधे मांडलं, सुपारीतला ठरावीक हिस्सा कोरसला द्या आणि आठवड्यातून एक सराव सगळ्यांना सक्तीचा. सरावाला सगळ्यांनी माना डोलावल्या. हिश्शावर खजिनदार म्हणाले आधी साउंडचा हप्ता फिटू दे. बुवा मात्र आमच्या बाजूने बोलले, नवीन बॅनरवर खाली एका ओळीत कोरसची नावं टाकायची ठरली, फक्त प्रिंटिंगवाला म्हणतोय एवढी नावं बसवायची तर शुभेच्छुक कमी करा, आणि आता कुठला शुभेच्छुक काढायचा यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण चालू आहे.