सहामाही, भुलाबाई आणि तारेवरचा नीलकंठ

सहामाहीचे पेपर संपत आले की शाळेच्या मैदानावर धोबी पक्षी हजर व्हायचा. शेपटी सारखी वरखाली करत गवतातले किडे टिपायचा. तो पार हिमालयाकडून येतो, असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग त्याले तिकडे सहामाही नसते का बाई?"

त्याच दिवसांत भुलाबाई, म्हणजे भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी यांच्या मूर्ती मांडून गाणी म्हणायची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी. गाणी आम्ही भरभर उरकायचो, खरा जीव खिरापतीत! डबा हलवून, आवाजावरून खाऊ ओळखायचा. एकदा मखराला लावलेल्या ज्वारीच्या धांड्यांतून एक नाकतोडा आला आणि थेट भुलोजीच्या पागोट्यावर बसला. आजीने त्याला हाकलू दिलं नाही. "पाहुणा आहे, खिरापत द्या त्याले," म्हणाली.

दसऱ्याचं सोनं मात्र बाईंच्या नियमाने. आपट्याचं एकच पान, तेही गळालेलं चालेल. बाजारात सोनं म्हणून पुष्कळदा कांचनाची मोठी पानं खपवतात, हेही त्यांनीच दाखवलं. फांद्या ओरबाडणाऱ्यांवर त्या जशा चिडत, तशा कमी मार्कांवरही चिडत नसत.

दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ, म्हणून आम्ही सकाळीच सायकली काढून नागपूरच्या फुटाळा तलावाकडे जायचो. बसलेला असला की मातकट, ओळखूही येत नाही. पंख उघडले की निळाच निळा. एका वर्षी तो काही केल्या दिसेना. हिरमुसून मैत्रिणीकडे गेलो. १९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. तिचं घरही गावाकडच्या पाहुण्यांनी भरलेलं. आमचं रडगाणं ऐकून तिची मामी हसली. "त्याच्यात काय पाहाचं? आमच्या वावरात रोजच बसून राह्यते तारेवर."

दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीसोबत मामींच्या गावी गेले. सोयाबीनची कापणी चालली होती. विळ्यापुढून उडणाऱ्या नाकतोड्यांवर झडप घालत नीलकंठ मामींच्या अगदी डोक्यावरून गेला. मी ओरडले. मामींनी मान वर केली नाही. त्या दिवशी मजूर कमी होते, आम्हालाही एकेक विळा दिला.